मामाजींची बारीक नळीची बंदूक

मामाजी, म्हणजे माझे सासरे, हरभऱ्याच्या राखणीला गेले असताना शेताच्या कडेच्या धुऱ्यावर कोसळले. लकवा होता. शेजारच्या शेतकऱ्याने हाक मारली तसे हे धावले आणि जीप करून त्यांना वाशिमला घेऊन गेले. जाताना मामाजींची बंदूक पोत्यात गुंडाळून घरी टाकली. मी ती उचलून माळ्यावर ठेवली. त्या घाईत बंदुकीकडे कोण बघतो?

मामाजी वाचले. पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. ज्यांचा आवाज धनजच्या बाजारात ओळखू यायचा, ते आता एका शब्दासाठी घामाघूम होत. त्यातही एक गोष्ट ते रोज सांगू बघायचे. डाव्या हाताने माळ्याकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "भ… भ…"

मी भाकर आणायची. ते ताट सरकवून द्यायचे. भात आणायची, तरी तेच. शेवटी आम्ही समजलो की त्यांना बंदुकीची आठवण येते. हे म्हणायचे, "बाबा, आता कायची राखण? कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावली ना आपण. डुक्कर फिरकत नाही." मामाजी डोळे मिटून घ्यायचे. त्या माळ्याच्या खालीच माझी लेक रोज झोपायची.

वर्ष असंच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात माळा झाडताना पोतं हाताला लागलं. उंदरांनी ते कुरतडलं होतं. मी पोतं खाली आणलं आणि मामाजींच्या खाटेसमोर उघडलं. चारशे दहा बोअरची, बारीक नळीची एकनळी बंदूक, त्यांच्या वडिलांच्या वेळची. नळीवर तांबडा गंज, लाकडी दस्त्याला चीर, त्यावर कोळ्याची जाळी. मला वाटलं, जरा पुसून दाखवली तर म्हातारा खूश होईल.

मी फडकं घेऊन बंदुकीला हात लावला मात्र, मामाजींनी खाटेच्या माचव्यावर तळहात आपटला. चेहरा लालबुंद झाला. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द पुरा बाहेर पडला.

"भरेल! भरेल हाय!"

मी हात मागे घेतला. हे गोठ्यातून पळत आले.

"काय झालं?"

"भरलेली आहे म्हणतात."

यांचा चेहरा उतरला. त्यांनी बंदूक, तिचं तोंड कोणाकडेही येणार नाही अशी, जपून उचलली आणि मागच्या वाडीत मातीच्या ढिगाकडे तोंड करून ठेवली. लेकीला मी शेजारी पाठवलं. उघडायची कळ गंजून बसली होती. आम्ही जोर केला नाही. मामाजींनी खुणेनेच सांगितलं, सांध्यात रॉकेल सोडा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी घोड्याला बोट न लावता कळ हळूच दाबली, तेव्हा बंदूक सांध्यातून करकरत उघडली. आत काडतूस होतं, हिरवट पडलेलं. मामाजी कोसळले त्या दिवशी डुकरासाठी भरलेलं.

ते बाहेर निघालं तेव्हा मामाजी रडले. मी त्यांच्या पायाशी बसले.

"मामाजी, वर्षभर हेच सांगत होता का हो तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "पोरगी… खाली… झोपे," ते म्हणाले.

एवढंच. पण मला त्या वेळी कळलं, जो माणूस बंदुकीसाठी हट्ट करतो असं आम्ही समजत होतो, तो वर्षभर आमच्या लेकीसाठी जागा होता.

काडतूस यांनी अकोल्याच्या बंदुकीच्या दुकानात नेऊन दिलं. बंदूकही मोडीत देऊ म्हणत होते. मी म्हटलं, नको. मामाजींना विचारा.

"नीट करू," मामाजी म्हणाले. "आपण."

मग त्या उन्हाळ्यात आमची दुपार ठरून गेली. बाभळीखाली खाट, समोर मी. गंजावर रॉकेल, मग बारीक तारेचा ब्रश, मग मऊ फडकं. नळीत काठीला सुताचा बोळा बांधून घालायचा. पहिले बोळे कॉफीसारखे काळे निघत. मामाजी नळी उजेडाकडे धरून बघत आणि परत मला देत. "अजून." दस्ता डाव्या हाताने घासायचा त्यांनीच हट्ट धरला. सुरुवातीला घासायचा काचकागद हातातून पडायचा. मी उचलून द्यायची, ते घासायचे. चिरेत सुताराकडचा सरस भरला, वरून घाण्याचं जवसाचं तेल चढवलं. लाकडातून शिसवीच्या रेषा वर येत गेल्या तसे मामाजींचे शब्दही येत गेले. कळ. घोडा. चाप. दस्ता. मी नाव विचारायची, ते सांगायचे. चुकले की स्वतःच हसायचे.

अकोल्याच्या कारागिराने बंदूक तपासून स्प्रिंग बदलली आणि ठीक म्हटलं. पण तिच्यात नवं काडतूस आम्ही घातलं नाही. ती कुलुपाच्या लोखंडी कपाटात असते. दिवाळीला मामाजी तिला बाहेर काढायला लावतात, तेलाचा हात फिरवतात.

आता ते धुऱ्यापर्यंत काठी टेकत जातात. परवा माझी लेक शाळेतून आली, तर तिला म्हणाले, "कायले उशीर झाला वं पोरी? म्या चहा नाही घेतला तुह्यासाठी." पूर्ण वाक्य. मी चुलीपाशी तोंड वळवून पदराने डोळे पुसले आणि चहात साखर जरा जास्तच टाकली.