मालकाला पगार नसतो

मी चौथी शिकलेला. तरी नावापुढं डायरेक्टर लागलं. लोणावळ्याच्या एका हॉटेलानं सांगितलं, कंपनी काढा, तरच गच्च्यांची गळती काढायचं काम देऊ. मग प्रायव्हेट लिमिटेड काढली. डायरेक्टर दोन लागतात. एक मी, एक माझी बायको.

वडगावच्या सीए बाईंनी पहिल्याच वर्षी समजावलं. "आबा, दोघंही महिन्याला पगार घ्या. पगार कंपनीच्या खर्चात धरतात. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, घ्याल तर आधी नफ्यावर कंपनीचा कर, मग हातात पडेल त्यावर तुमचा कर. आणि नफाच नाही झाला तर काहीच नाही. या मावशी मजुरांची हजेरी लिहितात, माल मोजून देतात. त्यांचाही पगार लावा."

मी म्हणालो, मालकाला पगार नसतो. तरुणपणी मी एका बंगल्यावर माळी होतो. एक तारखेला शेठ पायरीवर, मी खाली. वरून हातात नोटा सोडायचा, हाताला हात लागू नये असा. तेव्हाच ठरवलेलं, पुन्हा पगार घ्यायचा नाही. हे बाईंना सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, डिव्हिडंड लिहा.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तुमचं ऱ्हाऊ द्या. माझा तरी लावायचा व्हता."

"घरच्या बाईला पगार? गावात त्वांड कसं दाखवू?"

ती पुढं चालायला लागली. मला वाटलं, पटलं.

तिच्या वाट्याचा डिव्हिडंड वर्षातून एकदा जोडखात्यात यायचा. पासबुक माझ्या खिशात. टाकव्याला तिची म्हातारी आई. तिच्यासाठी काही घ्यायचं तरी बायकोनं मला मागायचं. मी कधी नाही म्हटलं नाही, पण दर वेळी "कशाला?" विचारायचो.

मग एका वर्षी हॉटेलाची गच्ची पुन्हा गळली, सगळं काम फुकट करून द्यावं लागलं. नफा नाही, डिव्हिडंड नाही. बाईंनी पुन्हा पगाराचं काढलं. मी ऐकलं नाही. घरचे तांदूळ होते, म्हटलं निघेल वर्ष.

बायको सकाळी हजेरी लिहून कामशेतला बहिणीकडं जाते म्हणायची. एक दिवस चहाच्या टपरीवर गावातल्याच एकानं विचारलं, "काय आबा, वहिनी चिक्कीच्या कारखान्यात जात्यात म्हणं. कंपनी बसली का काय?"

तसाच लोणावळा गाठला. कारखान्यात पगाराची रांग लागलेली. त्यात माझी डायरेक्टर, डोक्याला फडकं, बोटं गुळानं चिकट.

"चल घरी," मी म्हणालो.

"थांबा. पगार घेऊन येते."

मान खाली घातली नाही तिनं. पूर्ण नावाची सही केली, पाकीट घेतलं. येताना बाजारात आईच्या नंबरचा चष्मा केला. किंमत मला सांगितली नाही. मीही 'कशाला' विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडगावला जाऊन दोघांचेही पगार लावायला सांगितलं. घरी येऊन बायकोला कळवलं.

"तुमचा लावा," ती म्हणाली. "माझं कारखान्यातच बरं हाय. हजेरीला मानूस ठिवा."

माणूस शोधला. त्यानं काम काय ते नंतर विचारलं, आधी पगार विचारला. मी मुकाट्यानं कबूल केला. तेच काम बायकोनं नऊ वर्षं केलेलं. त्याला किती देतो, ते तिला सांगायची माझी अजून छाती होत नाही.