हॉर्न वाजला की उतरायचं

आमच्या गावावरून केदारखेड्याकडे जाणारा रस्ता पूर्वी एका गाडीपुरताच डांबरी होता. दोन्ही बाजूंना मुरूम. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर दोन्ही ड्रायव्हरांनी एकेक चाक मुरमात घालायचं, आणि मागून गाडी आली तर सायकलवाल्यानं सरळ खाली उतरायचं. असा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत. आठवीत शाळेतून आम्हा मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हा बाबांनी ब्रेक दाखवायच्या आधी मला हेच शिकवलं. हॉर्न वाजला की मागं पाहायचं नाही, मागं पाहिलं की हँडल वळतं. आधी उतरायचं.

बाबा गवंडी. हँडलला अडकवलेल्या पिशवीत थापी, ओळंबा आणि भाकरीचा डबा घेऊन ते हसनाबादपर्यंत कामाला जात. त्या भागातल्या कितीतरी घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. त्यांच्या त्या सायकलीवर आमचं घर चाललं आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आता जालन्याला एका शाळेत शिकवते. वर्गात उभी राहते तेव्हा पुष्कळदा ती पिशवी आठवते.

मग रस्ता सिमेंटचा झाला. रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. गुत्तेदारानं कडेला मुरूम भरायचा बाकी ठेवला आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. त्यामुळे सिमेंटची कड जमिनीपासून चांगली वीतभर उंच राहिली. त्या कडेवरून सायकल खाली उतरवता येत नाही, ती पडतेच. शाळेतल्या पोरी हे लवकर शिकल्या. त्या रस्त्यावरच कडेनं चालवतात आणि गाडीवाले त्यांना वळसा घालतात. बाबांच्या अंगात मात्र जुना रस्ता होता. हॉर्न ऐकला की ते सायकल थांबवून, हातात धरून, सावकाश खाली घेत आणि गाडी गेली की परत वर चढवत. मी एकदोनदा म्हणाले की आता उतरायची गरज नाही. ते हो म्हणाले.

आमच्याच वस्तीतला एक जण पिकअप चालवतो. मोसंबी, कापूस, जे मिळेल ते जालन्याला नेतो. बाबांना मामा म्हणतो. रस्त्यात ते सायकलवर दिसले की दोनदा छोटा हॉर्न द्यायचा, तो त्याचा जय भीम. बाबा हँडलवरचा एक हात उचलायचे. एरवी त्यांची गाठ समोरासमोर पडायची. बाबा सकाळी कामाला निघत तेव्हा तो माल टाकून परत येत असे. त्या दिवशी त्याला निघायलाच उशीर झाला होता, आणि रिकामी पोती घेऊन मोसंबी भरायला जाताना तो मागून आला. सवयीनं त्यानं हॉर्न दिला. बाबांनी सवयीनं मागं पाहिलं नाही. कुठलीतरी गाडी घाईत आहे असं समजून त्यांनी सायकल चालतीच कडेवरून खाली घातली.

पिकअपचा धक्कासुद्धा लागला नव्हता. खुबा मोडला तो पडण्यानं.

त्यानंच त्यांना उचललं, मोसंबीच्या रिकाम्या पोत्यांवर निजवलं आणि जालन्याला आणलं. मला फोन आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. वाक्य अर्धं होतं, ते मी पूर्ण केलं. मुलांना ते उतरवून घ्यायला सांगितलं, मुख्याध्यापकांना कळवलं आणि रिक्षा केली. दवाखान्यात बाबांच्या शर्टाला मोसंबीचा वास येत होता. मी डॉक्टरांचं ऐकलं, औषधं आणली, आईला फोन केला. माझा आवाज नेहमीसारखा होता. मला वाटलं, रडू नंतर येईल.

तो भिंतीला टेकून उभा होता. त्याला घरी जा म्हटलं तरी जाईना. एकच वाक्य परत परत म्हणत होता.

"ताई, म्या फक्त जय भीम घातल्ता."

मी मान हलवली.

ऑपरेशन झालं, बाबा घरी आले. डॉक्टरांनी सायकल कायमची बंद सांगितली. बाबा वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येत आणि खुर्चीवर रस्त्याकडे तोंड करून बसत. सायकल भिंतीला टेकवलेली होती, पिशवी हँडललाच. मी शनिवारी येऊन रविवारी परत जायची. स्वयंपाक, कपडे, गोळ्या. दिवस जात होते.

हॉटेलात चहा पिणाऱ्यांनी पिकअपवाल्याला सोडलं नाही. हॉर्न जपून दाब रे, अजून कुणाचा खुबा मोडशील, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. त्यानंतर त्यानं हॉर्नची तारच उपसून टाकली. आमच्या घरावरून तो मुकाट जायचा, इकडे न बघता.

हे बाबांनी ओळखलं. ओट्यावर बसून बसून आता इंजिनाच्या आवाजावरून त्यांना पिकअप कळायची. ती शाळेजवळच्या वळणावरही वाजत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या वळणावर लिंबाची झाडं आहेत, पलीकडचं दिसत नाही. शाळा सुटली की पोरी तिथं सायकलींवर तिघी-तिघी ओळीनं गप्पा मारत येतात. एका शनिवारी बाबांनी मला त्याला बोलावून आणायला सांगितलं. आईला वाटलं, आता हे त्याला बोलणार.

तो आला, अंगणातच उभा राहिला. बस म्हटलं तर बसला नाही.

"तार जोडून घे," बाबा म्हणाले.

"मामा, हात जातच न्हाई हॉर्नवर."

"पोरी येतेत वळणावरून. एखादी गेली म्हंजी?"

तो खाली पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही पडले ना पण."

"मी कुठं आता रस्त्यावर हाये?" बाबा म्हणाले. "मंग कशाला भेतो. वाजव. आन् इथून जाताना मलाबी वाजव. समदा दिवस बसून राह्यलो इथं, कोणी हाक मारत न्हाई."

मी चहा आणला. त्यानं उभ्यानंच घेतला, कप ओट्यावर ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जालन्याला निघायची तयारी करत होते. बाबा ओट्यावर होते, पाय पुढं सोडलेले. आधी वळणाकडून एक लांब हॉर्न आला. थोड्या वेळानं घरासमोर दोन छोटे.

बाबांनी हात उचलला. पण त्याच्या आधी, घाईघाईनं, दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.