बिबट्याचे वकील

येडशीच्या रानातल्या बिबट्याला साऱ्या जगात एकच सोयरा आहे, आणि दुर्दैवानं तोच माझा व्याही आहे. जनावरांच्या बाजारात मी शून्यातून वर आलो; माझा आवाज चढला की भले भले दलाल वाट बदलतात. पण लेक यांच्या घरात दिलेली, त्यामुळं या एका माणसापुढं मला आवाज गिळून हसावं लागतं. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

व्याही वनखात्यात कारकून होते. जन्मभर फायली लावल्या. बिबट्या पाहिला तो फक्त कॅलेंडरवर. पण शिकारीचे कायदे असे पाठ, की लग्नाच्या बैठकीत सगळे मानपानावर भांडत असताना हे जनावराला फासा लावल्यावर काय शिक्षा होते ते मुलीच्या मामाला समजावत बसले. आमच्या कोठीत उंदराचा सापळा दिसला, तर चष्मा वर करून विचारलं, "पाव्हणं, ह्यो जबड्याचा हाय का पिंजऱ्याचा?" आमचे उंदीर त्यांच्याकडं दाद मागत असावेत.

गेल्या हिवाळ्यात बिबट्यानं माझी कालवड गोठ्यामागं फाडली. आई मेलेली, मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. म्हणजे स्वारी परत येणार. मी फोनवर लेकीपुढं सगळा राग ओकला आणि फवारणीचं जहाल औषध त्या मढ्यावर ओतायला निघालो, तोवर लेकीनं धाडलेले व्याही येरमाळ्याच्या एसटीतून हजर.

"विष चालत न्हाय."

"मग कुंपणाला करंट सोडतो."

"त्यो तर मुळीच न्हाय. फासा बी न्हाय."

"मग बंदूक?"

"वरच्या साहेबाचा हुकूम लागतो. त्यो बी बिबट्या माणसाच्या जिवावर उठला तरच."

"आन् माझी कालवड?"

"तिचा अर्ज वेगळा."

माझ्या डोक्यावर तेव्हा भाकरी भाजली असती. त्यांनी खाट ओढली, मढ्याशेजारी टाकली, नाकाला उपरणं बांधलं आणि ऐन थंडीत छत्री उघडून बसले. पंचनामा होईस्तोवर कुणी जवळ यायचं नाही. चहासुद्धा तिथंच. दिवस कलताना वनखात्याचा गार्ड आला, पंचनामा झाला, मढं पुरलं, तेव्हा व्याही उठले.

आता माझा बांध फुटला. "तुमचा कोण लागतो त्यो बिबट्या?"

"कोण न्हाय," ते छत्री मिटत म्हणाले. "म्या त्याला बघितलं बी न्हाय. तुमच्यासारख्या तापट मान्सांच्या फायली लिवल्यात मातर. बाप जेलात, आन् लेक सणाला येऊन कुलूप बघून माघारी. माझ्या सुनंला तसं नगं."

औषधाची बाटली मी त्यांच्या हातात दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला घासाघीस सुचली नाही.

संक्रांतीला लेक आली. व्याह्यांचे गुडघे धरले होते, ते आले नाहीत. तिनं फाटकातूनच "आबा" अशी हाक मारली. मी ओसरीतच बसलो होतो, तरी आधी दाराच्या कडीकडं बघितलं, कुलूप नव्हतं, मग 'ओ' दिली.