सुनेचं इंग्रजी

शेजारच्या सासूबाईंची बँकेत नोकरी करणारी लेक मुंबईहून आली होती. तिच्यासमोरच सासूने सुनेला फर्मावलं, "बोल गो, मला रोज बोलतेस ते इंग्रजी. हिला ऐकू दे."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. लेकीने अर्थ सांगितला असता तर सुनेला माहेरची वाट धरावी लागली असती.

ही सून पोलादपूरला माझ्या शेजारी राहते. सासूला उलट उत्तर देत नाही. मान खाली घालून गोड आवाजात इंग्रजी बोलते. सासूला वाटतं, कौतुक चाललंय. मला मात्र ती कुंपणापाशी सगळं समजावते. कंटाळ्याला एक शब्द, किळसेला दुसरा. "काकी, ते बारकं 'ऑफ' चुकलं तर 'वीट आलाय'चं नुसतं 'आजारी आहे' होतं, सगळा राग फुकट जातो." मग आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसतो.

सुनेने पिठाचे हात पुसले आणि आरती म्हणावी तसं म्हणाली, "आय अ‍ॅम सिक ऑफ यू."

"काय गो, कळलं?" सासूने लेकीला विचारलं.

लेक ओठ दाबून म्हणाली, "कळलं ना, आये. लहानपणापासून माझ्यापण मनात हेच हाय."

"बघ!" सासू मला म्हणाली आणि तिने सुनेच्या पाठीवर थाप मारली.

खरं कळलेल्या तिथे आम्ही तिघीच होतो. लेक, सून आणि मी.