शिट्टीवर येणारं हरीण

डब्लिनजवळच्या विकलोच्या डोंगरात राहणारा तो दाढीवाला म्हातारा नुसत्या शिट्टीवर रानातलं हरीण बोलावतो, असं तिथल्या पबमध्ये सगळेच सांगायचे. त्याला विचारलं, तर तो "ग्रँड, ग्रँड", म्हणजे तिकडचं "झकास, झकास", म्हणत दाढी कुरवाळायचा.

साताऱ्याहून आलेल्या आईला मी त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याची शेळी एरवी कुणाला जवळ येऊ देत नसे. आईनं "ये गं बाय माझी" म्हणताच ती मुकाट मागे चालू लागली. आईच्या पदराआड भाकरी होती.

पुढच्या रविवारी तो पबमध्ये रंगवून सांगत होता, "याच्या आईनं फक्त हाक मारली!"

मी हळूच म्हणालो, "आणि भाकरी?"

त्यानं डोळा मारला. "मी कधी गाजरांचं सांगितलंय?"