ओळीने गाणं

त्याचं खरं नाव आता त्याला स्वतःलासुद्धा सही करतानाच आठवत असेल. सगळे त्याला श्शू म्हणतात. लहान पोरं श्शूकाका म्हणतात, मोठे श्शूभाऊ म्हणतात, आणि त्याची थोरली बहीण रागावली की नुसतंच, ‘अरे ए श्शू!’ कारण काय, तर कोणी तोंड उघडलं की ह्याचं बोट ओठावर गेलंच म्हणून समज. जेवताना चमचा पडला, श्शू. पंखा कुरकुरला, तर त्या पंख्याला श्शू. एकदा त्याला स्वतःलाच शिंक येत होती, तर शिंकायच्या आधी त्यानं आपलं आपल्यालाच श्शू केलं. बायकोनं डोळ्यांनी बघितलंय, खोटं नाही.

धंदा त्याचा लाउडस्पीकरचा. सभा असो, लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो, हा वायरी ओढणार, खांबाला कर्णे बांधणार आणि ‘हॅलो, हॅलो, एक दोन तीन’ करून बाजूला बसणार. वीस-पंचवीस वर्षं तेच केलं. आणि मग एक दिवस न्हाव्याकडे दाढी करताना त्याच्या डोक्यात किडा शिरला. न्हावी वस्तऱ्याला धार लावत लावत काहीतरी गुणगुणत होता. ह्यानं विचारलं, “कोणाचं गाणं हे?” न्हावी म्हणाला, “कोणाचं कशाला? माझंच. आत्ताच झालं. आता गेलंसुद्धा.”

गेलंसुद्धा! हे त्याच्या जिवाला लागलं बघ. घरी आला, जेवण समोर तसंच, आणि बायकोला म्हणाला, “जन्मभर मी वाजवतो ती सगळी गाणी बाहेरची. इथल्या माणसांची गाणी वस्तऱ्याच्या साबणाबरोबर वाहून जातात. ती धरून ठेवायला एक जागा पाहिजे.”

बायको म्हणाली, “आधी भात धरून ठेव, निवत चाललाय.”

जागा कुठली, तर वडिलांच्या घराची पुढची खोली. ती थोरलीच्या वाटणीला आलेली. थोरली गाद्या शिवते. कापूस पिंजायचा, भरायचा, दाभणानं टाके घालायचे, सगळं वरच्या मजल्यावर. गुडघे दुखायला लागले तसं तिला खाली यायचं होतं. पण धाकट्या भावानं लहानपणी खाऊ मागावा तसं तोंड केलं, आणि ती विरघळली. म्हणाली, “एक वर्ष देते. वर्षभरात मला असं एक गाणं ऐकव, जे एकट्याचं नाही, सगळ्यांनी मिळून केलंय. ऐकवलंस तर खोली तुझी. नाही ऐकवलंस तर मुकाट्यानं सामान उचलायचं, मी जिने चढून चढून मरायची नाही.”

“वर्ष कशाला? महिन्यात ऐकवतो!”

“श्शू,” थोरली म्हणाली. पहिल्यांदा तिनं त्याला केलं.

मग काय विचारता. थोरलीच्याच जुन्या गाद्या मागून आणल्या आणि भिंतींना ठोकल्या. छताला गाद्या, दाराला आतून गादी, खिडकीत दोन गाद्या. असं घट्ट करून टाकलं की आत बसलं तर बाहेर ढग फुटला तरी कळणार नाही. एक माइक, एक यंत्र, कानाला लावायचा तो मोठा हेडफोन. झाला स्टुडिओ. बाहेर घराच्या कडेनं बोळ जातो, तिकडून दार. त्या दारावर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: ‘इथे ओळीने गाणं होतं. दर गुरुवारी, दुपारी तीन.’

तिथेच घोडं अडलं.

त्याच्या मनात काय होतं, तर एकानं गाण्याची एक ओळ म्हणायची, दुसऱ्यानं तिला पुढची जोडायची, तिसऱ्यानं तिसरी. ओळी-ओळीनं सगळ्यांचं मिळून एक गाणं. आणि लोकांनी काय वाचलं? ओळीनं, म्हणजे नंबरानं. एकामागून एक. रेशनला उभं राहतात तसं.

पहिल्या गुरुवारी कोणीच नाही. दुसऱ्या गुरुवारी तीन वाजता ह्यानं दार उघडलं, तर बोळात नऊ माणसं, एकामागे एक, सरळ रेषेत. प्रत्येकाच्या हातात आपापली वही. हा हरखला. म्हणाला, “या या, सगळे आत या!”

पुढचा न्हावी म्हणाला, “सगळे कसे? माझा पहिला नंबर आहे.”

“अहो, नंबर नाही. पाटी वाचली ना? ओळीनं!”

“वाचली की. म्हणून तर ओळीत उभा आहे.”

“ती ओळ नव्हे हो! गाण्याची ओळ!”

न्हावी मागे वळून सगळ्यांना म्हणाला, “ऐकलं का, गाण्याची ओळ आहे ही. मधे घुसू नका कोणी.” आणि सगळे आणखी सरळ उभे राहिले.

त्यानं डोक्याला हात लावला. तो जो लावला, तो वर्षभर काढलाच नाही म्हण ना.

येणारा यायचा, आपलं गाणं म्हणायचा, हेडफोन लावून आपलंच तीनदा ऐकायचा, डोळे पुसायचा आणि निघून जायचा. दुसऱ्याचं ऐकायला एक माणूस थांबेल तर शपथ. श्शू दारात आडवा व्हायचा. “बसा ना, पुढच्या बाईंचं ऐका, त्यांना एक ओळ सुचवा.” पुढची बाई म्हणजे बसमधली कंडक्टरीण. ती म्हणायची, “माझ्या गाण्याला कोणाचा हात लागलेला मला चालत नाही. आणि लवकर आवरा, मला चारची ड्यूटी आहे.” तिसरे एक रिटायर झालेले हेडमास्तर. त्यांचं गाणं चौदा कडव्यांचं. थांबायचे ते एकटेच, पण दुसऱ्यांच्या चुका काढायला. “इथे ऱ्हस्व पाहिजे.” अहो मास्तर, गाण्यात ऱ्हस्व-दीर्घ कोणाला दिसतंय!

एकदा त्यानं जबरदस्तीनं तिघांना एकत्र बसवलं. पाच मिनिटांत भांडण. न्हाव्याच्या गाण्यात चांदणं होतं आणि कंडक्टरिणीच्याही गाण्यात चांदणं होतं.

“माझं चांदणं उचललंत तुम्ही!”

“तुमचं चांदणं? मी मागच्या महिन्यात आणलंय चांदणं. हवं तर ह्यांच्या यंत्रात बघा.”

मास्तर म्हणाले, “मुळात दोघांचंही चांदणं अमावस्येला पडलंय.”

झालं. दोन गुरुवार कोणी कोणाशी बोलेना. मात्र ओळीत एकामागे एक उभे राहायचे, तेवढी शिस्त.

थोरली म्हणायची, “अरे, पाटी बदल की.”

“पाटी बरोबर आहे. लोक चुकीची वाचतात.”

“मग लोक बदल.” असं म्हणून ती वर जायची, एकेक पायरीला ‘आई गं’ करत. ते ‘आई गं’ त्याला ऐकू जायचं नाही. दाराला गादी होती ना.

असे महिने गेले. वर्ष संपायला दोनच गुरुवार उरले. यंत्रात गाणी दीडशे भरली असतील. सगळी एकेकट्याची. रोज हेडफोन लावून बसायचा आणि चिडून चिडून बायकोला म्हणायचा, “मी गाण्याचं घर बांधायला निघालो होतो. हे दवाखान्यासारखं झालंय. आत या, आ करा, पुढचा!”

त्या गुरुवारी काय झालं, तर न्हाव्याच्याही पुढे नंबर लावून एक नवीन गृहस्थ आत गेले. त्यांना माइकसमोर कंठच फुटेना. पाणी प्या, परत. खाकरा, परत. अर्धा तास झाला, दार काही उघडेना. बाहेर बोळात न्हावी, कंडक्टरीण आणि मास्तर उभेच्या उभे. ऊन आलेलं. न्हाव्यानं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला आणि आपल्याच नादात म्हणाला,

“उभं राहून राहून पायांना फुटली मुळं.”

कंडक्टरिणीच्या तोंडून सवयीनं निघालं,

“पुढे सरा, पुढे सरा, मागे थांबलंय खुळं!”

मागे उभे होते मास्तर. ते म्हणाले, “खुळं कोणाला म्हणता?” आणि हसायलाच लागले. तेवढ्यात थोरली आली. ती आली होती तिची खोली मागायला, तारीख जवळ आली म्हणून. सरळ दाराकडे निघाली, तर कंडक्टरीण तिला म्हणते, “बाई, ओळीत! मधे नाही घुसायचं.” आणि हाताला धरून तिला आपल्या मागे उभी केली, मास्तरांच्या पुढे. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं काहीतरी फाडकन म्हटलं. ते असं तालात आलं, की मास्तरांनी वरची वर झेललं,

“कुलूप लावून बसलंय बाई हक्काचं माहेर!”

मग तिघं ते फिरवून फिरवून म्हणायला लागले. टाळ्या वाजवून, भिंतीवर थापा मारून. थोरली, “वेडे आहात सगळे,” म्हणून पाय आपटत निघून गेली, तरी ह्यांचं चालूच. वर्षभर जे व्हायला हवं होतं ते दारापासून दोन हातांवर होत होतं, आणि आतला माणूस हेडफोन लावून म्हणत होता, “परत एकदा, खाकरा.”

शेवटी त्यानं दार उघडलं. कानावर चालीचं शेपूट पडलं नि पडलं, तोच सगळे चिडीचूप. का? तर श्शूभाऊ आले! तोंडाला कुलूप.

“काय चाललं होतं?”

“काही नाही, काही नाही. आम्ही आवाज नाही केला.”

“अहो, आवाज करा! काय म्हणत होता, म्हणा!”

न्हाव्यानं आपली ओळ म्हटली. कंडक्टरिणीनं आपली म्हटली. मग सगळे थांबले. मास्तर म्हणाले, “तिसरी माझी नाही. माझी चौथी.”

“मग तिसरी काय होती?”

“माझं काहीतरी... माझं काहीतरी... बाहेर, असं होतं.”

“अहो, आत्ता तर म्हणत होता!”

“म्हणत होतो हो. पण तुम्ही दार उघडलंत आणि गेलं.” प्रत्येकाला आपली तेवढी ओळ पाठ. दुसऱ्याची एकालाही धड नाही. श्शूला वाटलं आपलं डोकं त्या भिंतीवर आपटावं, पण भिंतीला गाद्या होत्या.

“कोणाची होती ती ओळ?”

“तुमच्या ताईंची.”

तो धावत वर गेला. थोरली कापसात बसली होती, हातात दाभण.

“ताई, बोळात काय म्हणालीस तू?”

“कोणाला?”

“ओळीत उभी होतीस तेव्हा.”

“मला काय आठवतंय? रागात माणूस काय काय बोलतं.”

“आठव ना, पाया पडतो.”

“का? तू कधी ऐकून घेतलंस माझं? तोंड उघडलं की श्शू.”

तो खाली बसला. काय करणार! त्या शिंकेनंतर पहिल्यांदाच त्यानं बोट ओठावर नेलं ते स्वतःला गप्प करायला. आणि थोरली सुरू झाली. लहानपणी त्यानं तिची पाटी फोडली तिथपासून. आईच्या आजारपणात कोण जागलं. गुडघे. जिना. गाद्या माझ्या, टाके माझे. किती वेळ गेला कोणास ठाऊक, तो मुकाट ऐकत होता, नाकात कापूस जात होता. आणि मधेच ती म्हणाली,

“शोभतं का हे? दार माझं, भिंत माझी, आणि मीच बाहेर!”

“हीच!” तो ताडकन उठला. “हीच ती ओळ!”

थोरली म्हणाली, “बघ. पुन्हा मधेच तोडलंस.”

शेवटच्या गुरुवारी त्यानं माइक बोळात आणला. आत सगळ्यांना बसवून बघितलं होतं आधी, पण गादीच्या भिंती बघितल्या की ज्याला त्याला पुन्हा आपापलंच गाणं आठवायचं. बाहेर कपडे वाळत घालायच्या तारेवर माइक टांगला. त्याच ओळीत उभे केले सगळे: न्हावी, कंडक्टरीण, तिसरी थोरली कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत, चौथे मास्तर. नळ ठिबकत होता. पलीकडे कोणाची तरी स्कूटर सुरू होता होत नव्हती. त्याचं बोट सारखं वर यायचं. शेवटी त्यानं तो हात खिशात कोंबला, आणि दुसऱ्या हातानं यंत्र सुरू केलं.

झालं गाणं. चार ओळी, तीनदा फिरवून. थोरलीची ओळ चालीत कमी आणि भांडणात जास्त, पण तिच्याशिवाय पुढची उभीच राहत नव्हती. तिनं हेडफोन लावून ऐकलं. मग म्हणाली, “माझा आवाज असा आहे होय?” आणि मग, “बरं आहे. उद्या गाद्या काढून घे.”

“म्हणजे? अगं, ऐकवलं ना गाणं! शब्द दिला होतास, खोली तुझी म्हणून.”

“ऐकवलंस. पण झालं कुठे ते? बोळात. मग खोली तुला हवीय कशाला?”

खरंच होतं ते. वर्षभर माणसं हातापाया पडून त्या खोलीत गोळा करत होता, आणि गाणं झालं ते दाराबाहेर, त्याच्या नाकावर टिच्चून. दुसऱ्या दिवशी गाद्या उतरल्या, खोलीत कापूस आला. थोरली खिडकीत बसून टाके घालते, गुडघे बरे आहेत तिचे.

दर गुरुवारी तीनला तो स्टुलावर यंत्र ठेवून बोळात बसतो. नळाला चिंधी बांधलीय, तरी ठिबकतो. स्कूटरवाला त्याच वेळेला किक मारतो. श्शूच्या जिवाचा नुसता संताप होतो, आणि एखादी ओळ अडली की खिडकीतून थोरली दुसरी फेकते, न विचारता. नवीन माणूस आला की पाटी वाचतो आणि वही छातीशी धरून ओळीच्या शेवटी उभा राहतो. त्याला आता कोणी समजावत नाही.

पाटी अजून तीच आहे. बदला म्हटलं तर श्शू ऐकत नाही. म्हणतो, “पाटी पहिल्यापासून बरोबरच होती.”