नाल्यातला पट्टेवाला

आमच्या गावात अक्कल नाही असं मी कधीच म्हणत नाही. आहे, पण ती सगळी पारावर बोलण्यात खर्च होते, कामाला उरत नाही. जळगावात सरकारी ऑफिसात नोकरी करून मी निवृत्त झाले, तरी दर वर्षी होळीच्या सुमारास एरंडोलजवळच्या या गावात मला यावं लागतं. माझ्या वाट्याची जमीन इथे आहे आणि ती कसणारा माझा धाकटा भाऊ मोबाइलमधून डोकं वर काढत नाही.

कपाशी उपटून झाली की रिकाम्या शेतात मेंढ्या बसवायच्या असतात. साक्रीकडून मेंढपाळ कळप घेऊन येतात, काही रात्री एका शेतात जाळी लावून मेंढ्यांचा वाडा टाकतात, लेंड्यांचं खत पडलं की पुढच्या शेतात सरकतात. माझ्या शेतात बरीच वर्षं एकच कुटुंब येतं. घरातली मोठी बाई माझ्याच वयाची आहे. ती मला अक्का म्हणते, मी तिला बाई म्हणते, आणि आमचं बरं जमतं, कारण दोघींनाही उगाच बोललेलं खपत नाही.

यंदा त्यांचा वाडा पडला, आणि एका सकाळी भाऊ धापा टाकत घरी आला.

"अक्का, चाल लवकर! नालामा वाघ पडेल शे!"

"कोणी पाहिला?"

"बठ्ठा गाव तठेच शे."

सगळं गाव तिथेच आहे म्हणजे शहाणं माणूस तिथे नाही, एवढं मला कळलं. मी चहा घेतला, आंघोळ केली, दुपारी उन्हं कलल्यावर गेले. नाल्याच्या काठावर जत्रा भरली होती. खाली, वाळूत, एक तपकिरी जनावर फुगून पडलेलं. अंगावर आडवे पट्टे, फिके आणि गडद. कान जवळजवळ नाहीतच. तोंड चिखलात. माश्या एवढ्या की रंगही धड कळेना. सकाळपासून पोरासोरांनी मारलेली ढेकळं आणि दगड सगळीकडे पसरले होते. तेव्हा मलाही ओळखता आलं नाही.

पण मला ओळखता आलं नाही म्हणून मी गप्प बसले. बाकी कोणी बसलं नाही. निवृत्त हेडमास्तर, ज्यांना गाव नाना म्हणतं, छत्री उघडून मध्यभागी उभे होते. आयुष्यभर त्यांनी भूगोल शिकवला, आणि तोही पुस्तक समोर धरून. ते म्हणाले, "हा पट्टेवाला प्राणी आपल्याकडचा नाहीच. पद्मालयाच्या जंगलातूनही आलेला नाही. हा सातपुडा ओलांडून आलाय." पट्टेवाला म्हटलं की मला ऑफिसात चहा आणून देणारा माणूस आठवतो. मी हसले, तर नानांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच वाघ मारला.

कोणी तरस म्हणालं. कोणी म्हणालं, वाघ आणि कुत्र्याचा संकर. एकाने छातीठोकपणे सांगितलं की हे जनावर प्रयोगशाळेतून सुटलंय, आणि चार जणांनी माना डोलावल्या. गावात एक चाळिशीचा गृहस्थ आहे, दोनदा पंचायतीला पडला आणि मग त्याने मोबाइलवर बातम्यांचा चॅनल काढला. घरी तो अहिराणी बोलतो, पण कॅमेरा सुरू झाला की जीभ इस्त्री केल्यासारखी कडक होते. "आपण पाहू शकता, माझ्या मागे हा रहस्यमय प्राणी," असं तो म्हणत होता, आणि खरं म्हणजे काहीच पाहता येत नव्हतं, कारण पुढे त्याचाच चेहरा होता.

या सगळ्याचं मूळ मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी शेजारच्या गावात बिबट्या विहिरीत पडला आणि ते गाव पेपरात आलं. तेव्हापासून आमच्या गावाच्या पोटात दुखत होतं. आम्हाला बिबट्याहून मोठं काहीतरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचा माणूस आला. खाली उतरला, नाकाला रुमाल लावून पाहिलं आणि म्हणाला, "कुत्रं वाटतंय." बस्स. लोकांना आईवरून शिवी दिल्यासारखं लागलं. नानांनी त्याचं शिक्षण विचारलं. चॅनलवाल्याने कॅमेरा त्याच्या नाकाशी नेला. तो बिचारा वैतागून म्हणाला, "मग तुमचं तुम्हीच ठरवा," आणि गाडीला किक मारून गेला. संध्याकाळी वास असह्य झाला, तेव्हा रोगराई पसरेल या भीतीने गावाने तो कूटप्रश्न डिझेल ओतून जाळून टाकला. काही बायांनी लांबून हळदकुंकूही वाहिलं. बघून माझं डोकं फिरलं.

तिसऱ्या दिवशी पारावर सभा भरली. नानांनी सिद्ध केलं की वाघ मेंढ्यांच्या वासाने आला, जोडीदारही जवळपास असणार, तेव्हा मेंढपाळांनी आजच वाडा हलवावा. भाऊ हे सांगायला शेतात निघाला, म्हणून मीही त्याच्यासोबत गेले.

बाई वाड्याच्या जाळीपाशी उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि भावाकडे न बघता मला म्हणाली, "अक्का, वाडा हालाडाले काहीच नही. आठेनं चारापानी सरनंच शे. पन आमना कुत्रा ग्या शे कोठे तरी. दोन-तीन दिन व्हयनात, उनाच नही."

"येई की मांगून," भाऊ म्हणाला.

"कोठे येवाव? तो आठेच येवाव. रिकामी जागा दखीन कोठे जाई तो?"

ती काही भावनेचं बोलत नव्हती, सरळ व्यवहाराचं बोलत होती. वाडा हलला की मागे राहिलेल्या कुत्र्याला माग लागत नाही. तो जुन्या जागी बसून राहतो आणि तिथेच संपतो. म्हणून कुत्रा परत आल्याशिवाय, नाहीतर मेल्याचं कळल्याशिवाय ती हलणार नव्हती. आणि गाव तिला राहू देणार नव्हतं. तिने मला विचारलं, "त्या वाघनीच खादा व्हई का त्याले?"

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात जाळीतल्या मेंढ्यांकडे लक्ष गेलं. नुकती लोकर कातरलेली होती. मोठ्या कातरीने ओळीओळीने कातरलं की अंगावर पायऱ्या उमटतात, फिक्या आणि गडद. सगळा कळप पट्टेवाला दिसत होता.

"बाई, कुत्र्यालाही कातरलं होतं का?"

"हा. गरमी व्हस ना त्याले. मेंढरंससंगे त्यालेबी कातरी मी."

"कान?"

"कान धाकलपनेच कापतस. लांडगा धरस ना कानले."

मी भावाच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. वाघाचे फोटो शोधले. होते भरपूर. पहिल्यात भाऊ आणि मागे नाला. दुसऱ्यात भाऊ, नाना, छत्री. मग चॅनलवाला दोन बोटं वर करून. एवढे फोटो, आणि एकातही जनावर पुरतं नाही, कुठे शेपटी, कुठे पोटाचा गोळा. शेवटी एक सापडला, त्यात मागचे पाय आणि अर्धी पाठ होती. बाईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ओळखीच्या खुणेवर बोट ठेवायला गेली, तर बोटाने फोटो सरकला आणि पुन्हा माझ्या भावाचं हसतं तोंड आलं. मी फोटो परत आणून दिला.

"हाऊच शे," ती म्हणाली. "मागला पाय वाकडा शे. हाऊच शे मना."

भाऊ चाचरत म्हणाला, "पन मावशी, पट्टा व्हतात ना त्याना आंगवर…"

"मी कातरी शे त्याले," ती म्हणाली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. मेंढ्यांकडे पाहत तिने विचारलं, "तुम्ही दखा तवय तो मरेल व्हता का?"

माझा भाऊ एरवी कुठल्याही प्रश्नाला उत्तर देतो, येत नसलं तरी देतो. आता तो पायाने माती उकरू लागला. मी त्याचं मनगट धरलं आणि म्हटलं, "खरं सांग."

"सकाये पोट हालत व्हतं," तो म्हणाला. "दुपारलोंग हालत व्हतं. आमले वाटनं, वाघ शे. कोन जाई त्याना जोडे?"

म्हणजे माझा चहा झाला, आंघोळ झाली, तोपर्यंत तो नाल्यात श्वास घेत होता आणि काठावर नाना सातपुडा समजावून सांगत होते. मला भावाची किळस आली. गावाची तर आलीच. त्याला दोन ठेवून द्याव्यात म्हणून हात उचलला, पण बाईच पुढे झाली. तिने मोबाइल त्याच्या हातात परत दिला, नीट, दोन्ही हातांनी, आणि लेकाला हाक मारून घोड्यांवर सामान चढवायला सांगितलं. मग जाळीचा पहिला खुंटा उपटता उपटता, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाली,

"दूरथीन तरी थोडं पानी टाकनं व्हतं."